इंजिन झोपलेलं असतानाचे किलोमीटर

कुंदा, तुझं-माझं एक भांडण अर्धवट राहिलंय. नव्या गाडीचे सुरुवातीचे किलोमीटर मोजायचे कसे, यावरचं. शोरूमवाल्याने मला बजावलं होतं, की पहिले हजार किलोमीटर गाडी जपून चालवा, एकाच वेगाने फार वेळ पळवू नका, एकदम दामटू नका, इंजिन सेट होऊ दे. मी ते देवाचं वाक्य धरून बसले. तू पहिल्याच फेरीत समोरच्या काट्यांकडे बघून म्हणालीस, की ही गाडी निम्मा वेळ बॅटरीवर चालते, तेव्हा इंजिन झोपलेलं असतं. मग झोपलेल्याच्या नावावर किलोमीटर कसे लावायचे? मी म्हटलं, कंपनीला तेवढी अक्कल असेल. तू म्हणालीस, कंपनीला असेलच, मी तुझं विचारतेय.

गणिताची बाई ती गणिताचीच बाई. घोलवड येईपर्यंत तू मला सोडलं नाहीस. तुझ्या हिशेबाने गाडी हजारावर आली की इंजिन जेमतेम पाचशेवर असणार, म्हणजे आपल्याला अजून तेवढंच फिरायला हवं. मी भाषेची बाई, हिशेबात हरतेय असं दिसलं, म्हणून मी चिडले. हे आपलं नेहमीचंच होतं.

तू कुठे शिकलीस, कुठे शिकवलंस, मागे कोण कोण आहे, हे सगळं शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतंय. त्यात तुझं वय चुकून कमी लिहिलंय, तेव्हा तुझी काही हरकत नसणार. मला ते लिहायचं नाही. मला जे बोलायचंय ते तू असताना बोलायला हवं होतं, आणि तेव्हा माझी जीभ उचलली नाही. आता तू ऐकत नाहीस म्हटल्यावर मी एवढी बोलकी झालेय, याचीसुद्धा लाज वाटते.

उधव्याच्या शाळेत आपण बरोबरच रुजू झालो. तलासरीला एकच खोली दोघींत घेतली आणि तिथून जीपने, जीप नसली तर जो थांबेल त्या टेम्पोने शाळा गाठायची. मी डहाणूच्या सोवळ्या घरातली, कांदासुद्धा चातुर्मासात बंद. तू वरोरची, दारातून समुद्र दिसणाऱ्या घरातली. तुझी आई कोणा ना कोणाबरोबर सुके बोंबील आणि सुकट पाठवायची. तू स्टोव्हवर बोंबील भाजायला घेतलेस की मी नाकाला पदर लावून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसायचे. मग एकदा मी तापातून उठले होते, तोंडाला चव नव्हती, आणि तू भाकरीवर सुकटीची चटणी ठेवून ताटली माझ्यापुढे सरकवलीस. आग्रह केला नाहीस. मी खाल्ली आणि दुसरी भाकरी मागितली. त्यानंतर त्या खोलीत भाजलेल्या बोंबलांत माझा वाटा तुझ्याएवढाच असायचा, कधी कधी जास्त. घरी कळलं असतं तर माझी धडगत नव्हती. हे मी मुद्दाम आधी लिहून ठेवतेय. पुढचं वाचून कोणी असं म्हणायला नको, की बिचारीला सवय नव्हती.

गाडी मुलाने घ्यायला लावली. तो पुण्यात, मी इथे एकटी, जुन्या गाडीची काच वर जायची तर खाली यायची नाही. हायब्रिड घे म्हणाला, पेट्रोलही आहे, बॅटरीही आहे, चार्जिंगला लावायची भानगड नाही. शेजारचे अजून विचारतात, रात्री वायर कुठे लावता. मी आधी महालक्ष्मीला नेऊन आणली, चाकाखाली लिंबं चिरडली, आणि दुसऱ्या दिवशी तुला फोन केला. म्हटलं, गाडी सेट करायची आहे, रोज थोडं थोडं फिरवायला सांगितलंय, येतेस का सोबत? तू म्हणालीस, म्हणजे आता म्हातारपणी मला गाडीबरोबर वळण लावणार तू.

पण आलीस. सकाळी पहिल्या रिक्षाने डहाणूला यायचीस आणि आपण निघायचो. नरपडवरून बोर्डी, तिथून तलासरी, आणि मूड असला तर पुढे उधवा. शोरूमवाल्याने सांगितल्याप्रमाणे मी कधी हळू, कधी जरा जोरात, मध्येच थांबून. तू पुढच्या सीटवर चप्पल काढून, मांडी घालून. सिग्नलला किंवा फाटकापाशी इंजिन गपकन बंद झालं की पहिले काही दिवस तू दचकून म्हणायचीस, बंद पडली गं. मग तुला सवय झाली. मग तू म्हणायला लागलीस, झोपली बाई. आणि गाडी पुन्हा घरघरली की, उठली.

तुला सगळ्यात आवडायचं ते समोरच्या पडद्यावरचं चित्र. इंजिनाकडून चाकाकडे बाण, बॅटरीकडून चाकाकडे बाण, आणि उतारावर मी ब्रेक दाबला की चाकाकडून बॅटरीकडे उलटा बाण, म्हणजे बॅटरी आपोआप भरतेय. उधव्याच्या उतारावर तू ते बाण वेड लागल्यासारखी बघत बसायचीस. एकदा म्हणालीस, शैला, ही आपल्यासारखीच आहे, उतरणीला लागल्यावर पेन्शन जमा होतेय. मला इतकं हसू आलं, की गाडी बाजूला घ्यावी लागली. उधव्याच्या नाक्यावर चहाची टपरी चालवणारी आपली जुनी विद्यार्थिनी धावत आली. तिला वाटलं, बायांची गाडी बंद पडली आणि बाया रडतायत.

आता मला कळतंय, तुला किलोमीटरच्या हिशेबाशी काही देणंघेणं नव्हतं. हजारावर फेऱ्या थांबणार होत्या, आणि तुला त्या थांबायला नको होत्या. मलाही नको होत्या. पण ते असं सरळ म्हणायचं कोणी? तू गणित मांडलंस, मी गणितावर भांडले. दोन शहाण्या बायका.

गाडीचा मला माज चढला होता, हे मात्र मान्य करायला हवं. सीटवरचं प्लास्टिक मी काढलं नव्हतं, त्यावर चादर टाकली होती. पायाशी जाड कापड. कोणी दार जोरात लावलं तर मी उतरून रंग बघून यायचे. बोर्डीच्या बाजूने येताना तू चिकूची पाटी घेतलीस तर मी ती डिकीत ठेवायला लावली, चिकाचे डाग पडतील म्हणून. तू नुसती हसलीस आणि म्हणालीस, बाई गं, ही गाडी तू वापरायला घेतलीस का पुजायला? मला राग आला होता. आयुष्यभर टेम्पोत कोंबड्यांच्या शेजारी बसून प्रवास केल्यावर माणसाला एक स्वच्छ वस्तू असावीशी वाटते, असं मी स्वतःला सांगत होते. तूही त्याच टेम्पोत बसली होतीस, हे माझ्या लक्षात आलं नाही.

आणि मग तो दिवस. त्या दिवशी मीच उलट्या बाजूने वरोरला आले होते, तुला दारातून घ्यायला. तू नवी साडी नेसली होतीस. हातात कापडी पिशवी, तोंड दोरीने बांधलेलं. मांडीवर घेऊन बसलीस. एसी चालू, काचा बंद. खाडीचा पूल येईपर्यंत गाडीभर सुक्या मासळीचा वास सुटला. तुझा चेहरा खुलला होता, तू काहीतरी सांगायला सुरुवात केली होतीस, ते मला नीट आठवतंय. मी तुला मध्येच तोडलं.

"कुंदा, काय आणलंयस हे नव्या गाडीत? हा वास जातो का पुन्हा? तुम्हा लोकांना तो कळत नाही, दुसऱ्याला कळतो."

तुम्हा लोकांना. इतकी वर्षं एका ताटलीत खाऊन माझ्या तोंडून हे आलं. ते रागात निसटलं असंही नाही, कुंदा. ते आत कुठेतरी नीट घडी घालून ठेवलेलं होतं, आणि मला वाटत होतं ते मी तलासरीच्या खोलीतच टाकून दिलंय. माझी आई याच शब्दांत बोलायची. मला तेव्हा तिची लाज वाटायची.

तू भांडायला हवं होतंस. चिकूवरून टोमणा मारलास, किलोमीटरवरून भांडलीस, पाचवीच्या पेपरात मी पाव गुण वाढवले म्हणून दोन दिवस अबोला धरला होतास. या वेळी तू फक्त काच खाली केलीस आणि पिशवी हाताने बाहेर धरलीस. डहाणूच्या भर बाजारातून आपण तशा गेलो, तुझा हात खिडकीबाहेर आणि हाताला पिशवी. लोक बघत होते. मी गाडीचा वेग वाढवला, तोही बेताने, कारण इंजिन सेट व्हायचं होतं.

स्टेशनपाशी तू म्हणालीस, "मला इथे सोड. बँकेत काम होतं, विसरलेच." रविवार होता. मला माहीत होतं, तुला माहीत होतं की मला माहीत आहे. मी गाडी थांबवली. तू उतरलीस, दार अगदी हळू लावलंस, आणि रिक्षांच्या रांगेकडे गेलीस. मी तुला हाक मारली नाही.

घरी येऊन मी काय केलं ते सांगते, कारण हे कोणालाच माहीत नाही. चारी दारं उघडून गाडी उन्हात लावली. लिंबाच्या फोडी डॅशबोर्डवर ठेवल्या. मग बादलीत साबणाचं पाणी घेतलं आणि तू बसली होतीस ती सीट पुसली, चादर काढून प्लास्टिकसकट पुसली. पिशवी सीटला लागलीही नव्हती. मी तुझी जागा पुसत होते.

नंतर फोनवर तू नेहमीसारखीच बोललीस. किती झाले, विचारायचीस. मी म्हणायचे, आठशेच्या वर. तू म्हणायचीस, म्हणजे इंजिनाचे चारशे. मी यायला सांगितलं की तू म्हणायचीस, पहिली सर्व्हिस होऊ दे तुझ्या गाडीची, मग येते. आणि मला, कुंदा, सुटल्यासारखं वाटायचं. वाटायचं, झालं, ती विसरली, काही बोलायला लागणार नाही. दरवेळी फोन ठेवताना मी ठरवायचे, पुढच्या वेळी म्हणेन. त्या रस्त्यांनी मी एकटी फिरत राहिले, नरपड, बोर्डी, तलासरी, आणि शेजारची सीट स्वच्छ होती. उधव्याला गेलेच नाही. तिथल्या टपरीवर विचारलं असतं, कुंदाबाई कुठे.

सर्व्हिस झाली. मी ठरवलं, येत्या रविवारी वरोरला जायचं, तुला घ्यायचं आणि बोलायचं. गुरुवारी सकाळी तुझ्या सुनेचा, निशाचा, फोन आला. तू चहा गाळताना ओट्यापाशीच बसलीस म्हणाली, आणि उठलीच नाहीस.

मी रिक्षा करून आले. गाडी दारात उभी होती, पेट्रोल भरलेलं होतं, किल्ली हातात घेऊन मी परत खुंटीला लावली. त्या गाडीतून तुझ्या दारात उतरायची माझी हिंमत झाली नाही. अंगणात शाळेतल्या कोणीतरी विचारलं, बाई, नवी गाडी कुठेय? मी म्हटलं, सर्व्हिसला दिलीय. तू आत होतीस आणि मी बाहेर खोटं बोलत होते.

दोन-तीन दिवसांनी पुन्हा गेले, तेव्हा तुझे यजमान, आमचे भावोजी, ओसरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, की कुंदाने त्या दिवशी दिलेले बोंबील कसे होते. मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. तुझ्या वडिलांच्या घरची रीत होती म्हणे. नवी होडी पाण्यात घालायची तर ती रिकामी ढकलायची नाही, घरातली वर्षाची ठेवणीतली सुकी मासळी आधी तिच्यात ठेवायची. मासळीचा वास लागल्याशिवाय होडी घरची होत नाही, असं तुझे वडील मानायचे. ते सांगताना भावोजींना हसूही येत होतं.

"ती बोलली, शैलाची गाडी किती दिवस रिकामीच फिरतेय. तिच्याकडे कोण करणार हे, मीच करते. चांगले निवडून बांधले होते तिने, एकेक बघून. खाल्लेस ना तू?"

मी हो म्हटलं. छान होते म्हटलं. त्यांना बरं वाटलं.

म्हणजे लिंबं चिरडून, नारळ फोडून माझी पूजा झाली होती, आणि तुझी बाकी होती. त्यासाठी नवी साडी होती. खाडीच्या पुलावर तू तेच सांगायला तोंड उघडलं होतंस. आणि आता मी तुझ्यावर चिडलेय, कुंदा, मनापासून चिडलेय. तू का नाही सांगितलंस पुढे? एक वाक्य बोलायचं होतंस, की गप बस शैला, हे तुझ्या गाडीसाठी आहे. मी खजील झाले असते, आपण काच खाली केली असती आणि तलासरीला जाऊन चहाबरोबर हसलो असतो. तू मला ती संधी दिली नाहीस. मग आठवतं, की संधी मी मागायची होती. तुला काय पडली होती द्यायची? ती पिशवी तू स्टेशनवर कोणाला दिलीस, घरी नेलीस तर भावोजींना कशी दिसली नाही, का खाडीत टाकलीस, हे आता कोणाला विचारू?

तुझं सगळं माझ्याकडे भरपूर आहे. भाकरी थापायला तू शिकवलंस. मुलाच्या वेळी मला डोहाळे कडक लागले, तेव्हा माझे तास तू घेतलेस आणि कोणाला कळू दिलं नाहीस. आमचे हे गेल्यानंतर गाडी शीक म्हणून मागे लागलीस, नाहीतर मी कसली स्टिअरिंगला हात लावतेय. त्या गाडीतून तुला उतरवणारी मी. आभार मानायला घेतले की मध्येच हे आडवं येतं, आणि रडायला घेतलं तरी हेच आडवं येतं. मला तुझं नीट दुःखही करता येत नाहीये.

काल निशाचा फोन आला. भावोजींना डहाणूला डॉक्टरकडे तपासायला न्यायचं होतं, तुझा मुलगा बोटीवर गेलेला, आणि भावोजींना रिक्षाचे धक्के सोसत नव्हते. ती चाचरत म्हणाली, बाई, तुमची गाडी मोकळी असली तर. मी म्हटलं, आलेच. प्लास्टिक मी तू गेलीस त्याच दिवशी फाडून काढलंय. सगळ्या काचा खाली करून वरोरला आले.

निशा मागच्या बाजूला बोंबील वाळत घालत होती. मला बघून म्हणाली, पाचच मिनिटं बाई, आणि आत गेली. भावोजी पुढे बसले. वेळ लागला. ती आली ती अंघोळ करून, डोक्यावरून पाणी घेऊन, केस ओले, धुतलेली साडी, साबणाचा वास. दाराशी थांबून तिने आधी एक तळहात नाकाशी नेला, मग दुसरा. मग काखेतला पेपर काढून मागच्या सीटवर नीट पसरला. मी विचारलं, हे कशाला. तिने अगदी सहज, सासूने शिकवलेली एखादी चांगली गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

"आई बोललेल्या. बाईंची गाडी नवी आहे, आपल्या अंगाचा वास आपल्याला कळत नाय, बसायचं तर धुवून बसायचं."

भावोजी समोर बघत होते. मी गाडीतून उतरले, मागे गेले, तिचा ओला हात धरला आणि म्हटलं, "निशा, माझं चुकलं. मला माफ कर." जे तुला म्हणायला मला एवढे रविवार मिळाले होते, ते शेवटी अंगणात तुझ्या सुनेला म्हटलं.

ती एकदम ओशाळली. तिला वाटलं, मी खोळंबले म्हणून काही बोलतेय. "नाय हो बाई, चुकलं आमचंच, केवढं थांबवलं तुम्हाला," म्हणाली, आणि घाईघाईने आत शिरली. कुंदा, ती त्या पेपरवर अंग चोरून बसली, आणि डहाणू येईपर्यंत तिने सीटला पाठ टेकली नाही.